पत्राचं दुसरं पान

डॉक्टर उल्हास निमकरांच्या घरातून कागद बाहेर जात नसे. गॅसचं बिल असो, शाळेची चिठ्ठी असो, नाहीतर कौन्सिलचं पत्रक असो, डॉक्टर उभ्या उभ्या ते वाचत, पंचानं दोन भोकं पाडत आणि फायलीत लावून टाकत. लंडनमधल्या एजवेअरच्या त्या घरात वरच्या मजल्यावर एक बॉक्सरूम होती, धड कॉटही मावणार नाही एवढीशी. तिथे काळ्या फायली ओळीनं उभ्या असत आणि त्यांच्या पाठीवर सुबक अक्षरात नावं असत: घर, गाडी, इंडिया, हॉस्पिटल. ‘‘मी गेले तर हे आधी माझं डेथ सर्टिफिकेट पंच करतील आणि मग रडतील,’’ असं त्यांची बायको सुनीती महाराष्ट्र मंडळात चारचौघांसमोर म्हणायची. डॉक्टर हसायचे, कारण बोलणं खरं होतं.

या फायलींना कारणही होतं. सत्याऐंशी साली पुण्याहून इथे आल्यावर कुठल्याशा ऑफिसात त्यांचा एक कागद हरवला, आणि त्यापायी ते वर्षभर घरी बसले. पुढे भूल देणारे डॉक्टर म्हणून नोकरी लागली, पण स्टाफ ग्रेडच्या पायरीवर जे अडकले ते अडकलेच. कन्सल्टंटच्या जागेसाठी तीनदा इंटरव्ह्यू दिला. तिन्ही वेळा पॅनेलनं हसून स्वागत केलं, प्यायला पाणी दिलं आणि जागा दुसऱ्याला दिली. तिसऱ्या खेपेला तर ती ज्याला मिळाली त्या पोराला घशात श्वासाची नळी कशी घालायची हे डॉक्टरांनीच शिकवलं होतं.

तेव्हापासून त्यांना एक खोड लागली. कोण आपला हात किती वेळ हातात ठेवतो, बोलताना कुणाची नजर कुठे जाते, कोण आपलं नाव मुद्दाम चुकवतो, सगळ्याची मनातल्या मनात नोंद व्हायची. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांना जाणवायचं ते सगळं खोटं होतं असं नाही. निम्मं खरंच होतं. पंचाईत एवढीच, की निम्मं कुठलं हे त्यांना ओळखू येईनासं झालं होतं.

त्यांना एकुलती एक मुलगी, शाल्मली. नऊ वर्षांची असल्यापासून ती क्लबमध्ये पोहायची, आणि तिचा प्रकार ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे आपण ज्याला बेडकासारखं पोहणं म्हणतो तो. पहाटे सव्वाचारला गजर व्हायचा. पावणेपाचला सुनीती गाडी काढायची, मुलीला पाण्यात सोडायची आणि गाडीतच बसून थर्मासमधला चहा प्यायची. मग तिथूनच हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला जायची. आठ वर्षं हा क्रम चालला, आणि सतराव्या वर्षी शाल्मली देशातल्या पहिल्या दहा मुलींमध्ये येऊन बसली.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात तिच्या नावानं अमेरिकेहून पत्र आलं. ओहायोमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या स्विमिंग टीमचे कोच होते, हॅलोरन नावाचे, त्यांचं. आम्ही तुझ्या प्रगतीवर लक्ष ठेवून आहोत, तुला आमच्याकडे पूर्ण स्कॉलरशिपवर शिकता येईल, अशा अर्थाचा मजकूर होता. वरती सोनेरी शिक्का होता आणि खाली खरीखुरी शाईची सही. डॉक्टरांनी ते पान तीनदा वाचलं. मग हॉस्पिटलात जाऊन त्याच्या आठ प्रती काढल्या आणि मंडळाच्या दिवाळीत वाटल्या. मंडळानं शाल्मलीचा नारळ देऊन सत्कार केला. ब्रॅकनेलच्या कॉम्प्युटर कंपनीतले पद्माकर, डॉक्टरांचे जुने मित्र, माइकवरून म्हणाले, ‘‘ही आपली ऑलिम्पिकची पोर! लिहून ठेवा!’’

त्या पत्राला एक दुसरं पान होतं. बारीक टायपातलं, शिक्का नसलेलं, मागे टाचलेलं. एरवी साबणाच्या खोक्यावरचा मजकूरही सोडणार नाही असा हा माणूस, पण त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यानं दुसरं पान वाचलंच नाही. त्यावर नियम होते. अमेरिकेत कॉलेजच्या कोचांनी शाळेतल्या खेळाडूंच्या मागे लागू नये म्हणून केलेले, आणि फार कडक. त्यातला चौथा असा, की पुढच्या वर्षीच्या एक जुलैपर्यंत कोचनं या मुलीला फोन करायचा नाही, तिच्याशी किंवा तिच्या आईवडिलांशी बोलायचं नाही. कुठे समोरासमोर गाठ पडलीच तर ‘हॅलो’ म्हणावं आणि बाजूला व्हावं. याच्यापुढे एक वाक्य जरी गेलं तरी मुलीची जागा धोक्यात येईल. मुलीनं आपण होऊन फोन केला तर मात्र चालेल.

शाल्मलीनं ते पान वाचलं होतं. नवं कॅलेंडर आलं तेव्हा तिनं एक जुलैभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि आईला एवढंच सांगितलं, ‘‘त्या दिवशी त्यांचा फोन येणार.’’ सुनीती म्हणाली, ‘‘कुणाला बोलू नकोस आत्ताच. दृष्ट लागते.’’ डॉक्टरांना तो गोल दिसला होता. डेंटिस्टची अपॉइंटमेंट असेल असं त्यांना वाटलं.

पुढच्या ईस्टरच्या सुट्टीत शेफील्डला मोठी स्पर्धा होती. निमकर कुटुंब दोन दिवस आधीच जाऊन बी अँड बीमध्ये राहिलं. सुनीतीनं बरोबर गूळपोळ्या आणि कोथिंबीरवड्या घेतल्या होत्या, पंचवीस माणसांना पुरतील एवढ्या, कारण कमी करणं तिला कधी जमलंच नाही. फायनलच्या वेळी डॉक्टरांना गॅलरीत खालच्या बाजूला एक उंच, लालबुंद चेहऱ्याचा माणूस दिसला. गळ्यात स्टॉपवॉच, आणि निळ्या शर्टावर पत्रावरचाच शिक्का. शाल्मली तिसरी आली. स्वतःच्या आजवरच्या उत्तम वेळेपेक्षा दीड सेकंद आधी तिनं भिंतीला हात लावला, आणि त्या माणसानं खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं.

आता सांगा, मराठी बापानं अशा वेळी काय करावं? आपल्या मुलीला बघायला कुणी समुद्र ओलांडून आला आहे, आणि आपल्या पिशवीत गूळपोळ्या आहेत. डॉक्टर उठले. कोटाची बटणं लावली, स्टीलचा डबा घेतला आणि पायऱ्या उतरून त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. डब्याचं झाकण त्यांनी आधीच उघडलं होतं. उजवा हात पुढे करून ते म्हणाले, ‘‘माय डॉटर. लेन सिक्स.’’

त्या माणसाचा चेहरा क्षणभर उजळला. मग तो एक पाऊल मागे सरला आणि त्यानं दोन्ही हात छातीपाशी उचलले, कुणी पिस्तूल रोखल्यावर उचलतात तसे. ‘‘हॅलो सर,’’ तो म्हणाला. ‘‘एक्स्क्यूज मी.’’ एवढं बोलून तो पाठ फिरवून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

डॉक्टरांचा हात तसाच पुढे राहिला. मागे बसलेल्या कुणा मुलाची आई ‘‘ओ डिअर’’ असं पुटपुटली, आणि त्यात हसू होतं की कीव, ते त्यांना कळलं नाही. पायऱ्या चढून ते जागेवर आले. दहा मिनिटांनी पाहतात तो तोच माणूस टोकाला कुठल्यातरी गोऱ्या क्लब-कोचच्या खांद्यावर हात टाकून खदाखदा हसत होता आणि त्याच्या पुडीतल्या चिप्स खात होता. क्लबच्या कोचशी बोलायला नियमाची आडकाठी नव्हती, बंदी होती ती फक्त आईवडिलांशी आणि मुलांशी. पण हे डॉक्टरांना कोण सांगणार?

‘‘अहो, असेल त्यांचा काहीतरी रूल,’’ सुनीती हळूच म्हणाली.

‘‘हॅलोच्या पुढे बोलायचं नाही असा रूल? हात मिळवायचा नाही? कुठल्या देशात असतो गं असा रूल?’’

रूल त्यांच्याच घरात होता. वरच्या मजल्यावर, ‘शाल्मली – स्विमिंग’ नावाच्या फायलीत, त्यांच्याच हातानं भोकं पाडून लावलेला.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून शाल्मलीनं आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत विचारलं, ‘‘बाबा, ते अमेरिकन कोच आला होता ना? तुम्ही बघितला?’’

‘‘नाही बुवा,’’ डॉक्टर म्हणाले. अपमान मुलीला सांगून तिचं मेडल का नासवायचं, असा त्यांचा हिशेब होता. वाईट हेतू नव्हता. गूळपोळ्या घरी येऊन फ्रीजरमध्ये गेल्या आणि पुढे कुणी खाल्ल्या नाहीत.

एक जुलैला शनिवार होता. डॉक्टरांची आठपासून ड्यूटी होती, म्हणून ते पहाटेच उठले होते. मायलेकी पावणेपाचला पूलवर गेल्या. डॉक्टरांनी चहाचं आधण ठेवलं, आणि पाच वाजून एक मिनिटानं हॉलमधला फोन वाजला.

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाला त्या वेळचा फोन म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्याला त्यांची आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि महिन्यापूर्वी मोरीत पडली होती. डॉक्टरांनी धावत जाऊन रिसीव्हर उचलला. ‘आई गं’ असं ते मनात म्हणालेसुद्धा. पलीकडून खणखणीत अमेरिकन आवाज आला. नाव सांगितलं, हॅलोरन. शाल्मलीशी बोलता येईल का?

जिवाचं पाणी झालेल्या माणसाला आधी हायसं वाटतं आणि लगेच राग येतो. डॉक्टरांना दोन्ही एकाच श्वासात झालं. एप्रिलपासून त्यांनी एक वाक्य मनात घोटून ठेवलं होतं, कधी उपयोगी पडेल याची कल्पना नसताना. ते आता एकदाही न अडखळता, चांगल्या इंग्रजीत बाहेर पडलं. ‘‘माझ्या मुलीला तुमच्याकडे यायची इच्छा नाही. ती इथेच मेडिसिन करणार आहे. कृपा करून पुन्हा फोन करू नका.’’

मग कोच म्हणाले, ‘‘समजलं, सर. मेडिसिन फार चांगलं. पण मला तुमची माफी मागू द्या. शेफील्डला तुम्ही हात पुढे केलात आणि मी तो घेतला नाही. हॅलोच्या पुढे एक शब्द बोललो असतो तर फटका तुमच्या मुलीला बसला असता, आणि मला बोलायचा मोह फार होतो, म्हणून मी पळालो. तुमचा चेहरा विसरलो नाही. त्या डब्यात जे काही होतं त्याचा वासही फार छान होता. आत्ता आमच्याकडे रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालंय. मला परवानगी असलेलं हे पहिलं मिनिट आहे, सर. म्हटलं, प्रॅक्टिसला निघायच्या आत तिला गाठू.’’

डॉक्टर ऐकत होते. एका क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं. बोलायला वेळही होता. ‘थांबा, ती आठला घरी येते,’ एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण ते म्हणायचं म्हणजे आत्ता जे बोललो ते रागानं बोललो असं कबूल करायचं, एका परक्या माणसापुढे, आणि तेही त्यानं आधी माफी मागून मोठेपणा घेतल्यावर! सुंभ जळतो पण पीळ जात नाही. ‘‘थँक यू,’’ असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरात चहा उतू जाऊन गॅसवर सांडला होता, तो त्यांनी पुसून काढला.

मग ते वर गेले, फाइल काढली आणि दुसरं पान उभ्या उभ्या वाचलं. चौथ्या नियमाशी त्यांचं बोट थांबलं. संध्याकाळी सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं आणि ते ड्यूटीवर गेले.

त्या दिवशी संध्याकाळी इंग्लंडची फुटबॉलची मॅच होती. रस्त्यातल्या सगळ्या गाड्यांना लाल-पांढरे झेंडे लावलेले होते. डॉक्टर साडेआठला परत आले तेव्हा इंग्लंड पेनल्टीवर हरलं होतं आणि शेजारचा माणूस दारात बसून बिअर पीत होता. घरात शाल्मली जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, मांडीवर कॉर्डलेस फोन. सुनीती म्हणाली, ‘‘दुपारपासून तिथेच बसलीये. तिथलं ऑफिस आपल्या दोन वाजता उघडतं म्हणे. जेवली पण नाही.’’

शाल्मलीनं वर बघितलं. ‘‘बाबा, सकाळी आम्ही पूलला होतो तेव्हा कुणाचा फोन आली होती का?’’

सरळ प्रश्न होता आणि उत्तरही सरळ होतं. डॉक्टरांनी मोजे काढले. ‘‘नाही,’’ ते म्हणाले.

का म्हणाले? त्यांनाही ते सांगता आलं नसतं. उद्या सांगू, असं त्यांच्या मनात होतं. पण ‘नाही’ म्हटल्यावर उद्या दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, परवा तीन. बाकीचं काम दिवसांनीच केलं. शाल्मली रविवारी बसली, सोमवारी शाळेतून धावत येऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात ती बापाकडे आली. ‘‘मी रिंग करू का त्यांना? आपण केलं तर चालतं. इट सेज सो.’’

ही दुसरी संधी होती, देवानं ताटात वाढून दिलेली. पण तिनं फोन केला असता तर पहिल्या वाक्यात बापाचं बिंग फुटलं असतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘ज्याला गरज असते तो करतो, बेटा. आपण कुणाच्या दारात लाळ घोटत उभं राहायचं नाही. निमकरांची मुलगी आहेस तू.’’ मुलीला ते पटलं. हेच ऐकत ती लहानाची मोठी झाली होती.

जुलैच्या मध्यावर कार्ड आलं. घरातलं सगळं पोस्ट डॉक्टरच उघडत, तेही त्यांनीच उघडलं. हातानं लिहिलेलं होतं: ‘शाल्मली, तुझ्या बाबांशी बोलणं झालं. डॉक्टर होणार हे ऐकून आनंद वाटला. तरीही ब्रेस्टस्ट्रोकची एक जागा मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारपर्यंत भरणार नाही. त्या दिवशी मुली कॉलेजच्या करारावर सह्या करतात. मन बदललं तर नुसता एक फोन कर.’ डॉक्टर ते घेऊन स्वयंपाकघरातल्या बिनपाशी गेले आणि पायानं झाकण उघडलं. किती वेळ उभे होते कोण जाणे. चुरगाळून टाकायला काय लागतं? पण कागद फेकणं त्यांच्या हातांना येतच नव्हतं. शेवटी ते वर गेले, कार्डाला दोन भोकं पाडली आणि त्याच फायलीत, दुसऱ्या पानाच्या मागे, लावून टाकलं.

शाल्मलीनं सप्टेंबरात पहाटेचं पोहणं सोडलं. भांडली नाही, रडली नाही. ‘‘काय पॉइंट आहे?’’ एवढंच म्हणाली. गजर बंद झाला, पण सुनीती सव्वाचारला जागी व्हायचीच आणि अंधारात छताकडे बघत पडून राहायची. शेजारी डॉक्टरही जागेच असत. दोघं एकमेकांना झोपलेले वाटत. ऑक्टोबरात शाल्मलीनं मेडिसिनचा फॉर्म भरला, बापानं सांगितलं त्या चार युनिव्हर्सिट्या घालून. सही करताना तिनं वाचलंही नाही.

मग दिवाळी आली. मंडळाचा तोच हॉल, तीच प्लॅस्टिकची तोरणं. चकलीची डिश हातात घेऊन पद्माकर आले आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, ‘‘काय रे उल्हास, आमच्या ऑलिम्पिकवालीचं काय झालं? अमेरिकेचं तिकीट काढलं की नाही?’’

शाल्मली शेजारीच उभी होती. भोवती आठदहा माणसं. ज्यांना गेल्या वर्षी झेरॉक्स वाटली होती, तीच.

‘‘काय व्हायचंय?’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘बोलावलंच नाही त्यांनी. कागदावर नाव वाचलं तेव्हा ठीक होतं. शेफील्डला येऊन पोरीचा रंग बघितला, संपलं. मी स्वतः हात पुढे केला तर मागे सरला तो माणूस. अक्षरशः मागे सरला.’’

पद्माकरांचा चेहरा उतरला. ‘‘असतंच रे ते,’’ ते म्हणाले. मग एकेकानं आपापलं सांगितलं. कुणाला प्रमोशन नाकारलं होतं, कुणाच्या मुलाला टीममधून काढलं होतं. प्रत्येकाचं खरं होतं. त्या खऱ्यांच्या गर्दीत डॉक्टरांचं खोटं सहज बसून गेलं. शाल्मली हातातल्या डिशकडे बघत होती, आणि डिश धरलेल्या स्वतःच्या हाताकडे.

घरी येताना गाडीत तिनं विचारलं, ‘‘बाबा, खरंच? म्हणून त्यांनी रिंग नाही केली? ब्राउन आहे म्हणून?’’

डॉक्टरांनी सिग्नलपाशी गिअर बदलला. ‘‘असेल,’’ ते म्हणाले.

खोटं त्यांचं आधीही बोलून झालं होतं. पण ती सगळी खोटी एका फोनापुरती होती. हे पोरीला जन्मभर अंगावर वागवावं लागणार होतं, आणि ते देणारा तिचा बाप होता. ज्या दुखण्यानं आपलं आयुष्य नासलं तेच त्यानं मुलीला उचलून दिलं, तेही तिला ते झालेलं नसताना. याहून मोठं पाप त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि हे त्यांना त्या सिग्नलवरच कळलं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टर पाचच्या सुमाराला घरी आले. बाहेर अंधार पडला होता. आत डायनिंग टेबलावरचा दिवा लागलेला होता आणि दिव्याखाली एक काळी फाइल उघडी पडली होती. मेडिसिनच्या एका इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. येताना सगळी सर्टिफिकेटं आणा, असं त्यात लिहिलेलं होतं. स्विमिंगची सर्टिफिकेटं कुठे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना ते आठवलं, आणि ते कोट न काढताच उभे राहिले.

दुसरं पान आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलेलं होतं. दोन्हींची भोकं एका रेषेत होती. शाल्मली खुर्चीवर बसली होती, फोन समोर. सुनीती भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही.

‘‘मी रिंग केलं त्यांना,’’ शाल्मली म्हणाली. आवाज शांत होता. ‘‘दे वेकअप अर्ली, म्हणून तिथे सकाळ होती तरी उठलेले होते. खूप नाइस बोलला. वेन्सडेपर्यंत वाट बघितला माझा. वेन्सडेला दुसऱ्या मुलीनं साइन केलं.’’

आज शनिवार. डॉक्टरांनी बोटांवर मोजायची गरज नव्हती.

‘‘शाल्मली, शेफील्डला त्यानं…’’

‘‘आईनं सांगितलं मला आत्ता. डबा वगैरे.’’ तिनं मान हलवली. ‘‘माझ्याकडे पण त्यांनी तोंड फिरवला होता, बाबा. पूलमधून मी बघितलं तेव्हा. आणि मला एवढा आनंद झाला होता. मला वाटलं, ते रूल पाळतायत, म्हणजे त्यांना मी नक्की हवी आहे.’’

‘‘मी सांगणार होतो तुला. देवाशपथ सांगणार होतो.’’

‘‘तुम्ही रंग म्हणाला,’’ शाल्मली म्हणाली. इथे पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. ‘‘दोन वीक्स मी रोज आरशात बघते. मला वाटायचं, हे तर मी कितीही पोहलं तरी जाणार नाही.’’

सुनीतीनं पदर नसताना पदर ओढल्यासारखा तोंडावर हात धरला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. डॉक्टर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाचा श्वास थांबला तर काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. इथे काय करायचं ते त्यांना कळेना.

शाल्मलीनं दुसरं पान आपल्याकडे ओढलं आणि चौथ्या नियमावर बोट ठेवलं. ‘‘त्यांना माझ्याशी बोलायला बंदी होता, बाबा. नऊ महिने. तरी पहिल्या मिनिटाला त्यांनी फोन केला. तुम्ही याच घरात होता. तुम्हाला कुणी बंदी केला होता?’’

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. दोन्ही कागद घडी घालून तिनं स्वेटरच्या खिशात ठेवले, इंटरव्ह्यूचं पत्र टेबलावरच सोडलं आणि ती जिना चढून गेली. मग सवयीनं डॉक्टरांनी ते पत्र उचललं आणि पंचसाठी हात पुढे केला.